चिखलात नाव विचारलं

त्या गुरुवारी तातेरावाच्या पदरात काय काय पडायचं होतं, ते आधी मोजून घेऊ. एक जावई, जिल्हा परिषदेच्या शाळेवर कायम झालेला, चष्मेवाला, सुपारीचंसुद्धा व्यसन नसलेला. त्याच्यासोबत वरकड म्हणून भावकीत मान वर करून बसायची सोय. भावकीतल्या पोरी अठराव्या-एकोणिसाव्यात उजवल्या गेल्या होत्या आणि तातेरावाची राजनंदिनी चोविसाव्यात शिरली होती. याआधी चार ठिकाणचे पाहुणे येऊन पोहे खाऊन गेले. पहिल्यांना पोरगी उंच वाटली. दुसऱ्यांना बारावी म्हणजे फार शिक्षण वाटलं, तिसऱ्यांना तेच थोडं वाटलं. चौथ्यांनी काही कळवलंच नाही, म्हणजे त्यांना काय वाटलं हे शोधायचं काम त्यांनी तातेरावाच्या झोपेवर सोपवलं. हे पाचवे. आणि आठ दिवसांनी पौष लागणार होता. मग महिनाभर सोयरिकीसाठी कोणी कोणाचा उंबरा चढणार नाही.

खुद्द राजनंदिनीनं या स्थळाबद्दल आईला एकच गोष्ट विचारली होती: ‘‘मास्तरला वाचायची सवय हाये का, का नुसताच पगार हाये?’’ आधीच्या चौघांबद्दल तिनं एवढंही विचारलं नव्हतं. मंजुळाबाईनं त्याचा अर्थ बरोबर लावला आणि नवऱ्याला सांगितलं, ‘‘आवंदा हे स्थळ घालवू नका.’’

उलट बाजूला जायचं काय होतं? एक दुपार, शेजारून मागून आणलेल्या सहा कपबश्या आणि नीळ घातलेलं एक धोतर. व्यवहार इतका सोपा होता, की तो बिघडवायला तातेरावासारख्या सरळ माणसालाही चांगलीच मेहनत घ्यावी लागली.

कुरुंद्याकडून गावात येणाऱ्या गाडीवाटेला, गावापासून दोनेक किलोमीटरवर, कालव्याची चारी आडवी जाते. वाटेखालची नळी कधीची फुटलेली. ज्याची पाळी असेल त्याचं पाणी शेतात जाता जाता आधी वाटेवर पसरतं. जमीन काळी, कोरडी असली की ढेकूळ दगडाचं, ओली झाली की पाय देणाऱ्याची वहाण ठेवून घेणारी. त्या जागेला गावात ‘फसण’ म्हणत. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी कालवा सुटला की फसणीत दिवसाला एक तरी गाडी रुतायचीच, आणि ती बहुतेक परक्या माणसाची असायची. गावच्या माणसाला कोणत्या दिवशी कोणाची पाळी आहे हे ठाऊक असतं. परक्याला कोण सांगणार?

पण म्हणून तिथं कोणाची लूट झाली, असं कधी घडलं नव्हतं. फसणीचा एक रिवाज होता आणि तो गावानं देवाधर्मापेक्षा जास्त पाळलेला. ज्याच्या पाण्यानं वाट रुतली, त्यानं आपले बैल लावून गाडी काढून द्यायची. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. कोणी फारच गळ घातली तर एक विडी घ्यायची, तीही गाडी निघाल्यावर. गाडीतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं, म्हातारं असो की नवी नवरी. बैलांना आवाज एकानंच द्यायचा आणि तो थांब म्हणेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. आणि सगळ्यांत जपून पाळायची गोष्ट अशी, की गाडी निघेपर्यंत समोरच्याला नाव, गाव, कोणाकडे निघाला हे विचारायचं नाही. मागं कोण्या काळी कोणीतरी आधी नाव विचारलं होतं. नाव भावकीतल्या वैऱ्याच्या पाहुण्याचं निघालं, तेव्हा त्यानं बैल सोडले आणि घरी नेले. गाडीत बाळंतीण होती. तिचं पुढं काय झालं ते गावात कोणी सांगत नाही, पण नाव विचारायचं मात्र सगळ्यांनी सोडून दिलं.

तर त्या गुरुवारी पाळी तातेरावाची होती. बुधवारी दिवस मावळल्यापासून गुरुवारी सकाळी दहापर्यंत. हळदीला पाणी हवंच होतं आणि कालव्याला काही कोणाच्या पोरीचे पाहुणे कळत नाहीत. पाहुणे दोन वाजता यायचे होते. तातेरावानं हिशोब घातला: दहाला पाणी मोडायचं, विहिरीवर अंघोळ करायची, अकराला घरी. तोवर तो गुडघ्याइतक्या गाऱ्यात, अंगात भोकं पडलेलं बनियन, कमरेला पंचा, डोक्याला गुंडाळलेला टॉवेल, अशा थाटात उभा. रिवाजाप्रमाणे बैलजोडी फसणीजवळ बाभळीला बांधलेली. लालकंधारी जोड होती, एका रंगाची. डावीकडचा हौश्या, उजवीकडचा दिवाण. दिवाणला गाडी ओढताना बघायला लोक थांबायचे. ओढायला लागला की तो डोळे मिटून घ्यायचा.

त्याच्या नंतरची पाळी तांड्यावरच्या फुलसिंगची होती. तो आपल्या गव्हाला पाणी न्यायला फावडं घेऊन आधीच येऊन बसला होता. दोघांची शेतं लागून, वयं बरोबरीची, जिभा मात्र बरोबरीच्या नव्हत्या.

‘‘पाटील,’’ फुलसिंग म्हणाला, ‘‘आज सासरा व्हायाचा दिवस अन् तुमी असे? पावण्यायनं पाह्यलं तर म्हनतील, पोरगी नको, बुजगावणं देऊन टाका.’’

‘‘दोनला येऊन राहिले ते, नाईक. दोनला मी असा दिसत न्हाई.’’

‘‘दोनला काय दिसता?’’

‘‘तू बघशीलच. धोतराला नीळ घातली.’’

एवढं बोलणं होतंय तोच कुरुंद्याकडून जीप आली. ड्रायव्हरनं फसणीत पाणी बघून वेग वाढवला. परका माणूस नेहमी हेच करतो आणि फसण नेहमी याचीच वाट बघते. मधोमध जाऊन जीप बसली. चाकं गरागरा फिरली, मागं काळ्या चिखलाचे फवारे उडाले आणि जीपचं पोट जमिनीला टेकलं. आत माणसं होती नऊ.

रिवाजाप्रमाणे तातेरावानं आता फक्त एवढंच म्हणायचं होतं, ‘‘उतरा, काढून देतो.’’ पण त्यानं आत पाहिलं. पुढच्या बाकावर फेटा बांधलेला एक भरदार माणूस. त्याच्यामागं काठापदराचं नवं लुगडं नेसलेल्या एक बाई, मांडीवर नारळ आणि पिशवी. आणि त्यांच्याशेजारी चष्मेवाला तरुण, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली घालून. दोनचे पाहुणे पावणेदहाला कसे येतील? पण चष्मा तर होता. नारळही होता. आणि ज्या माणसाला चार वेळा नाही ऐकून घ्यावं लागलं आहे, त्याचं तोंड त्याच्या हातात राहत नाही.

‘‘कोन्या गावचे तुमी?’’ त्यानं विचारलं. ‘‘कोणाकडं निघाले?’’

फुलसिंगनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. पण शब्द सुटला होता.

‘‘नांदेडकडचे आमी,’’ फेटेवाले म्हणाले. ते मुलाचे मामा, प्रभूराव. ‘‘तातेराव पाटलाकडं निघालो. पोरगी बघायला. दुपारी यायचं होतं, पर ह्या जीपवाल्याला दुपारची दुसरी वर्दी हाये. तू कोणाचा रे बाबा? पाटलाचा सालगडी का?’’

आता इथं तातेराव ‘मीच तातेराव’ म्हणाला असता तर काय झालं असतं? फार तर हशा झाला असता. पण पंचा आखूड होता, बनियनला भोकं होती आणि निळीचं धोतर घरी दोरीवर होतं. त्यानं नुसती मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, ते ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं घ्यावं अशी. प्रभूरावांनी होकाराची घेतली.

‘‘मग बरंच झालं. मालक कसा हाये रे तुझा? खरं सांग.’’

स्वतःच्या वागणुकीचा दाखला स्वतःच द्यायची पाळी माणसावर क्वचित येते. तातेराव घोगऱ्या आवाजात म्हणाला, ‘‘मानूस बरा हाये.’’

‘‘एकदम बरा,’’ फुलसिंगला राहवलं नाही. ‘‘निस्ता लाजाळू हाये. पावणं दिसले की स्वतःचं नावच विसरून जातो.’’

तातेरावानं त्याच्याकडे असं पाहिलं की फुलसिंग फावड्याला चिकटलेला चिखल काढायला लागला. मग तातेरावानं सवयीनं जीपला हाक दिली, ‘‘चला, उतरा समदे. बायामानसं बी उतरा. वजन कमी करा.’’

‘‘ह्या गाऱ्यात?’’ लुगडेवाल्या बाई म्हणाल्या. त्या मुलाची आत्या, सुभद्राबाई. ‘‘माय, आमाला पोरगी बघायला जायाचं हाये, भाताची रोवणी करायला न्हाई.’’

चष्मेवाला विश्वंभर मात्र बूट काढायला वाकला होता. ‘‘मामा, उतरू ना. पाय धुता येतील.’’

‘‘बस रे तू,’’ प्रभूराव म्हणाले. ‘‘नवरदेव काय चिखलाचे पाय घेऊन पोरगी बघंल? बैलं बघ ना, हत्तीवाणी हायेत. काय रे गड्या, बसून निघंल का?’’

तातेरावानं दिवाणकडे पाहिलं. दिवाण रवंथ करत होता. नऊ माणसं, वर जीप, खाली फसण. बैल लावणाऱ्या कोणत्याही माणसाला हा हिशोब तोंडपाठ असतो. पण आता ही नऊ माणसं परकी राहिली नव्हती. ती पाहुणी झाली होती, तीही मुलाकडची. पोरीच्या बापानं व्याह्याला चिखलात उतरवायचं? विहिणीला लुगडं खोचायला लावायचं? जन्मभर ऐकावं लागेल, आमाला पहिल्याच दिवशी गाऱ्यात उतरवलं. परक्याशी कसं वागायचं हे त्याला ठाऊक होतं आणि पाहुण्याशी कसं वागायचं हेही. दोन्ही रिवाज त्यानं आजवर चोख पाळले होते. दोन्ही एकाच जीपमधून येतील, असं मात्र त्याला कोणी सांगून ठेवलं नव्हतं.

‘‘बसा, बसा,’’ तो म्हणाला. ‘‘तुमाला काहून तकलीफ. निघंल बसून.’’

फुलसिंग जवळ आला आणि दातात बोलला, ‘‘पाटील, आत नऊ जनं हायेत. मोठे मोठे सायब उतरले इथं. आपन कोणाला बसू दिलं न्हाई.’’

‘‘गप ऱ्हाय नाईक.’’

‘‘बैल तुमचा हाये म्हनून गप ऱ्हातो. बैलाला बोलता आलं असतं तर—’’

‘‘नाडा बांध.’’

फुलसिंगनं जाड दोराचा नाडा जीपला बांधला. चाकांपुढं दोघांनी कापसाच्या पऱ्हाट्या घातल्या. तातेरावानं जोडी जुंपली, दिवाणच्या पाठीवर थाप दिली आणि आवाज दिला. दिवाणनं डोळे मिटले. नाडा ताठ झाला, करकरला. जीप वीतभर हलली. आतून कोणी तरी ‘शाब्बास’ म्हणालं. तातेरावानं बैलांना दम खाऊ दिला आणि दुसऱ्यांदा आवाज दिला. आणखी हातभर. फुलसिंगचा खांदा मागून लागलेलाच होता. आता तिसऱ्या ओढीला चाक कडक जमिनीवर आलं असतं.

‘‘दे रे रेस!’’ प्रभूराव ड्रायव्हरला म्हणाले. त्यांना वाटलं, आपणही काही मदत करावी.

इंजिन गर्जलं. जीपनं मागून उसळी घेतली, नाडा एकदम सैल पडला, अंगातला सगळा जोर पुढं टाकून उभे असलेले बैल तोंडावर आले आणि लगेच जीप पुन्हा बसल्यामुळे त्यांना मागं हिसडा बसला. हौश्या सावरला. दिवाणचे मागचे पाय दोन दिशांना घसरत गेले. जनावर फाकलं. असा आवाज झाला, की शेतकऱ्याच्या कानानं तो एकदाच ऐकावा आणि पुढच्या गोष्टी त्यानंतरच्या म्हणून मोजाव्यात.

तातेरावानं धावून जू सोडलं. ड्रायव्हर घाबरला होता. घाबरून त्यानं पाय दाबलेलाच ठेवला. पऱ्हाट्यांवर चाकाला धर मिळाला आणि जीप बैलाच्या शेपटाला चाटून कडेनं सरळ वर कोरड्यात आली. गाडी निघाली होती. नऊच्या नऊ माणसं कोरडी होती.

‘‘अगं माय,’’ सुभद्राबाई मागं वळून म्हणाल्या. ‘‘बैल पडला.’’

‘‘उठंल, उठंल,’’ प्रभूराव म्हणाले. त्यांनी खिशात हात घालून एक नोट काढली आणि खिडकीतून धरली. ‘‘घे रे बाबा. मालकाला आमी सांगू, तुझा कसूर न्हाई म्हनून.’’

तातेरावानं नोटेकडे पाहिलं नाही. ‘‘पैसे घेत न्हाईत इथं,’’ तो म्हणाला. ‘‘जा तुमी. घरी वाट बघून राहिले.’’

जीप गेली. फुलसिंग बैलाच्या मागच्या पायाला हात लावून बसला होता. त्यानं हात काढला आणि काही बोलला नाही. फुलसिंग बोलला नाही, यावरून तातेरावाला सगळं कळलं.

‘‘पाटील, तुमी घरी जा,’’ मग तो म्हणाला. ‘‘मी तांड्यावरून मानसं बोलावतो, उचलून कोरड्यात घेतो. मी पानी बी माझ्या शेतात घेत न्हाई, बंदच करतो; नाही तर ओलीत पडून राहील ते. जा तुमी. पोरगी तिथं बापाविना पावण्यायपुढं बसंल.’’

कालव्याच्या भरावावरून तातेराव पळत गेला. वाटेत त्याला दोनदा वाटलं की परत फिरावं, आणि दोन्ही वेळा त्यानं राजनंदिनीचं नाव मनात घेऊन पाय उचलला. विहिरीवर त्यानं डोक्यावर चार बादल्या ओतल्या. मागच्या दारानं घरात शिरला, धोतर नेसला, टोपी घातली.

बैठकीत सगळं आधीच जमलं होतं. मध्यस्थ रखमाजी, तातेरावाच्या चुलत्याचा जावई, तोच यजमान होऊन बसला होता. राजनंदिनीला बोलावून झालं होतं, नाव-शिक्षण विचारून झालं होतं. विश्वंभरनं मान वर करून फक्त ‘वाचता का?’ असं विचारलं होतं आणि ती म्हणाली होती, ‘‘मिळालं तर.’’ त्यावर तो हसला होता. सुभद्राबाईंनी तिला जवळ बसवून घेऊन कुंकू लावलं होतं आणि तिचा हात सोडलाच नव्हता. दाराआड मंजुळाबाईनं पदराचं टोक दातात धरलं होतं. आता वडील आले की बोलायचं, एवढंच उरलं होतं.

वडील आले.

‘‘हे तातेराव,’’ रखमाजी उठून म्हणाला. ‘‘पोरीचे वडील.’’

प्रभूरावांचा पोह्यांचा चमचा तोंडाशी थांबला. त्यांनी टोपी पाहिली, धोतर पाहिलं, मग कानामागं राहून गेलेला चिखलाचा ठिपका पाहिला. ते उठून उभे राहिले.

‘‘तुमी?’’

‘‘व्हय,’’ तातेराव म्हणाला. ‘‘रानातला मानूस, रानात तसाच दिसतो. बसा ना, पावणं.’’

पण प्रभूराव बसेनात. फसणीत ते ज्याला ‘काय रे गड्या’ म्हणाले होते, तो आता समोर हात जोडून उभा होता. ‘‘आपण बोलायचं तर होतं,’’ ते म्हणाले. आपण! फसणीत ‘तू’ होता, दारात ‘तुमी’ झाला, आता ‘आपण’. माणूस अडचणीत सापडला की आदर कसा झरझर वर चढतो, ते बघण्यासारखं होतं. पण बघायला तातेरावाला उसंत नव्हती.

सुभद्राबाईंनी राजनंदिनीचा हात सोडला. त्यांनी तो सोडला असं नाही, पदर सारखा करायला घेतला आणि परत धरला नाही.

‘‘बैल उठला का?’’ विश्वंभरनं विचारलं. सगळ्यांत त्यालाच ते आठवलं.

तातेराव सगळ्यांकडे पाहून हसला. पाहुण्यांच्या मनाला लागू नये, एवढाच त्याचा विचार. ‘‘उठला की. कवाचा उठला. चरून राहिला.’’

तोंडातलं वाक्य पुरतं व्हायच्या आत दारात थावरा उभा राहिला. फुलसिंगचा भाऊ. धावत आलेला, मांड्यांपर्यंत चिखल. ‘‘पाटील, आठ जनं लागलो पर बैल उठंना. मान टाकून राहिला. फुलसिंगनं ढोरडॉक्टरला आणाया मानूस पाठवला. तुमी येता का?’’

बैठकीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. राजनंदिनी मात्र उभी राहिली. ‘‘बापू, दिवाण?’’ ती म्हणाली. आतून मंजुळाबाईचा हात आला आणि तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

पाहुण्यांनी चहा घेतला. विचार करून कळवतो म्हणाले. जाताना फसणीकडून न जाता वारंगा फाट्याच्या बाजूनं मोठा फेरा घालून गेले. रखमाजी त्यांच्यासोबत जीपमध्ये फाट्यापर्यंत गेला आणि तिथं जे ऐकलं ते त्यानं संध्याकाळी, फार आढेवेढे घेत, तातेरावाला सांगितलं.

‘‘पोरगी समद्यायला पसंत हाये,’’ रखमाजी म्हणाला. ‘‘सुभद्राबाई म्हनल्या, असी पोरगी दिवा लावून शोधली तरी मिळायची न्हाई.’’

‘‘मग?’’

‘‘मग प्रभूराव म्हनले, सोयरीक कराची तर मुलाकडच्याचा हात वर पाहिजे. उद्या मांडवात मी रुसावं का न्हाई? टोपी-टॉवेल हलका दिला म्हनून, पंगतीला उशीर झाला म्हनून? मामानं न्हाई रुसलं तर मांडवात मामा कशाला? अन् ज्याला मी अरे-कारे केलं, ज्याचा बैल मी बुड न हलवता पाडला, त्याच्यापुढं मी कोन्या तोंडानं रुसू? सून घरात येईल ती बैल पाठीवर घेऊन. जन्मभर तिला कोनी एक शब्द बोलायची सोय न्हाई.’’

तातेराव म्हणाला, ‘‘मी तर कायच मागितलं न्हाई त्यायला.’’

‘‘तेच तर,’’ रखमाजी म्हणाला. ‘‘मागितलं असतं तर देऊन मोकळे झाले असते.’’

‘‘मास्तर काय म्हनला?’’

‘‘मास्तर खिडकीतून बाहीर बघत व्हता.’’

पण असं काही कागदावर लिहून पाठवता येत नाही. पौषाच्या आदल्या दिवशी जो निरोप आला, त्यात मामाचं रुसणं नव्हतं. त्यात एवढंच होतं, की मुलीला बघायला निघाल्याबरोबर वाटेत धडधाकट बैल पडला, आमच्या बाईमाणसांच्या मनात मुलीच्या पायगुणाचं आलं, तरी राग मानू नये. निरोप आणणाऱ्यानं तो पारावर उभ्या उभ्या सांगितला. त्यामुळे तो गावात सगळ्यांना एकाच वेळी मिळाला.

दिवाण शनिवारी सकाळी गेला. ढोरडॉक्टरनं मागच्या मांडीचा फरा निखळला म्हणून सांगितलं, सुई दिली आणि मान हलवली. दोन दिवस तातेराव त्याच्यावर पोती घालून उशाशी बसला होता. फुलसिंगनं आपली पाळी सोडून दिली. त्याच्या गव्हाला पुढच्या पाळीपर्यंत पाणी मिळालं नाही आणि निम्मा गहू पिवळा पडला. त्याबद्दल तो पुढं कधी बोलला नाही आणि तातेरावानंही विचारलं नाही.

शनिवारी दुपारी राजनंदिनी भाकरी घेऊन फसणीवर आली. दिवाणला पुरून खड्डा बुजवून झाला होता, माणसं पांगली होती. बाप चारीच्या कडेला बसलेला. तिनं भाकरी समोर ठेवली आणि खड्ड्याच्या ओल्या मातीकडे बघत उभी राहिली.

‘‘बापू,’’ ती म्हणाली, ‘‘फुलसिंगकाका म्हनून राहिले, तुमी नाव विचारलं. काहून विचारलं?’’

‘‘तुझ्यासाठी, माय.’’

‘‘माझ्यासाठी असतं तर त्यायला खाली उतरवलं असतं तुमी,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर तातेरावाला सोपं गेलं असतं. ‘‘कोन उतरतं अन् कोन बसून ऱ्हातं, तेवढं तर कळलं असतं मला.’’

‘‘मास्तर उतरत होता गं,’’ तातेराव म्हणाला. ‘‘बूट काढायला वाकला होता तो.’’

हे त्यानं सांगायला नको होतं. तिचा चेहरा तेव्हा बदलला. आतापर्यंत तिचं एक स्थळ मोडलं होतं. आता तिचा एक माणूस गेला. ती फडकं उचलून घरी गेली. वाचत काही बसली नाही त्या दिवशी, आणि पुढंही मंजुळाबाईनं तिला पुस्तक हातात घेतलेलं फारसं पाहिलं नाही.

त्यानंतर वर्षभर कोणी आलं नाही. पायगुणाची गोष्ट बैलापेक्षा वेगानं चालते; ती कळमनुरीपर्यंत पोचली, औंढ्यापर्यंत पोचली. सांगणाऱ्यांनी बैलाचे दोन केले, एकानं तर जीपही उलटवली. वर्षानं सेनगावकडून एक निरोप आला. माणूस बेचाळिशीचा, बायको वारलेली, दोन लेकरं. जमीन बरी. पायगुणाचं ऐकलं आहे पण आम्हाला चालतं, असं त्यांनी मोठ्या मनानं कळवलं. तातेरावानं चार दिवस उत्तर पाठवलं नाही. पाचव्या दिवशी राजनंदिनीनंच आईला सांगितलं, ‘‘हो म्हना.’’ मुलगा बघायचा का, विचारलं तर म्हणाली, ‘‘काय बघायचं?’’

लग्न वैशाखात झालं. त्यात कोणी रुसलं नाही. रुसायला तिकडं फारसं कोणी नव्हतं.

फसण अजून आहे. पुढं दोन-चार वर्षांत गावात ट्रॅक्टर आले. आता गाडी रुतली की ट्रॅक्टरवाला आधी नाव विचारतो, मग भाव सांगतो. तातेराव तिथं असलाच तर दूर उभा राहून बघतो. कोणी हाक मारली तरी पुढं होत नाही.

आता कोणाकडून काय गेलं, ते बघू. प्रभूरावांनी काढलेली नोट त्यांच्याच खिशात परत गेली. विश्वंभर मास्तरचं पुढच्याच मोसमात जमलं, चांगल्या ठिकाणी. फुलसिंगचा निम्मा गहू गेला. तातेरावाचा एक बैल गेला. हळद विकल्यावर त्यानं हौश्याला दुसरा जोडीदार आणला, तो रंगात जुळला नाही पण ओढीत जुळला. दिवाणनं जीव दिला आणि तो सुटला. राहिली राजनंदिनी. तिनं जे भरलं ते एकदाच भरून मोकळं व्हायचं नव्हतं. ती ते सेनगावकडे रोज भरत आहे.